समुद्राची वेळ विचारून या!

मित्रांनो, तुमच्यापैकी समुद्र कोणी कोणी पाहिला आहे? हात वर करा बघू! कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींनी हात खाली घ्या. तुमच्या तर तो अंगणातच आहे. मी विचारतो आहे ते लातूर, बुलढाणा, भंडारा, सोलापूर, जळगाव अशा ठिकाणी राहणाऱ्या तुम्हा मुलांना. 'सुट्टीत मुंबईला जाऊ, समुद्र बघू' असा बेत तुमच्या घरी कधी ना कधी होतोच. मग गाडीचे आरक्षण होते, मामाचे नाही तर आत्याचे घर मुक्कामाला ठरते, लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात. सगळी तयारी झाली असे आपल्याला वाटते. पण ज्याला भेटायला निघालो, त्या समुद्राला कोणी विचारते का, 'बाबा रे, आम्ही येऊ तेव्हा तू घरी आहेस ना?'

हसू नका! समुद्र खरोखरच रोज दोनदा किनाऱ्याजवळ येतो आणि दोनदा लांब निघून जातो. तो लांब गेलेला असताना तुम्ही पोहोचलात, तर ओल्या वाळूतून चालून चालून पाय दुखतात. तो अगदी जवळ आलेला असताना पोहोचलात, तर काही किनाऱ्यांवर खेळायला वाळूच उरत नाही. म्हणून समुद्राचा बेत करायचा तो आपल्या मनगटावरच्या घड्याळाने नव्हे, तर समुद्राच्या घड्याळाने. हे घड्याळ बघायचे कसे, ते आज सांगतो. आणि आमच्या घरी ते सगळ्यांत आधी कोणाला बघता आले, तेही सांगतो. ऐकून गंमत वाटेल!

मी मुंबईत, दादरला राहणारा एक मामा आहे. माझी ताई लातूरला असते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिचा फोन आला, "या वेळी भाऊबीजेला आम्ही सगळेच येतो. मुलांना समुद्र दाखव." सगळे म्हणजे ताई, सहावीतली भाची, तिसरीतला भाचा आणि ताईच्या सासूबाई. या सासूबाईंना घरात, शेजारीपाजारी सगळेच आजी म्हणतात, म्हणून मीही आजीच म्हणतो. वय वर्षे शहात्तर. मांजरा नदी बघितलेली, पंढरीची चंद्रभागा कितीदा तरी बघितलेली, पण समुद्र एकदाही नाही.

दुसऱ्याच दिवशी ताईने फोनवर एक फोटो पाठवला. भाचीने वहीच्या पानावर सहलीचा बेत लिहिला होता. पहिला दिवस: सकाळी गिरगाव चौपाटी, मग गेटवे ऑफ इंडिया, दुपारी दादर चौपाटी, संध्याकाळी जुहू. दुसरा दिवस: वर्सोवा, आक्सा, मार्वे, मनोरी, गोराई. त्याखाली लाल पेनाने तीन रेघा मारून लिहिले होते, 'भाऊबीजेऐवजी पौर्णिमेला जायचे, म्हणजे समुद्रावर चंद्र दिसेल!!' आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'आजीला पाण्यात पाय बुडवायचे आहेत.'

मी ते पान दोन-तीनदा वाचले. दोन दिवसांत आठ समुद्रकिनारे! सगळ्यांत मोठ्या अक्षरात चंद्र होता, पण मला महत्त्वाची वाटली ती तळाची ओळ. चंद्र काय, गच्चीवरूनही दिसला असता. पण शहात्तर वर्षांच्या आजी लातूरहून पुन्हा मुंबईला कधी येणार? पाय बुडवायचे तर याच वेळी.

मी लगेच फोन लावला. भाचीनेच उचलला.

"मामा, कसा आहे बेत?"

"झकास आहे. पण मला आधी एक सांग, आजी एका दमात किती पावले चालतात?"

"असं कसं सांगणार? गुडघे दुखतात तिचे."

"मग मोजून सांग. दोघं मिळून मोजा."

संध्याकाळी उत्तर आले. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत एकशे दहा पावले. तिथे आजी कट्ट्यावर टेकतात, मग पुढे निघतात. आमच्या सहलीचा पहिला आकडा हा असा मिळाला: एकशे दहा. फुटपाथवरून उतरल्यापासून पाणी एकशे दहा पावलांच्या आत असायला हवे. वाळूत चालणे रस्त्यापेक्षा अवघड, म्हणजे त्याहूनही कमी असेल तर उत्तम. आता प्रश्न उरला, पाणी इतके जवळ कुठे आणि केव्हा असते?

इथे समुद्राचे घड्याळ कामाला येते. तुम्ही शाळेत शिकलाच असाल की भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे होते, सूर्यही त्याला थोडा हातभार लावतो. मुंबईच्या किनाऱ्यावर एका भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते आणि सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा होत जाते. आज भरती दुपारी दोनला असेल, तर उद्या तीनच्या थोडी आधी. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, त्या सुमारास भरती मोठी असते आणि ओहोटीलाही पाणी फार लांब जाते. याला म्हणतात उधाण. मुंबईत उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. पावसाळ्यात अशा दिवशी वर्तमानपत्रांत इशारे येतात, ते तुम्ही वाचले असतील. अष्टमीच्या सुमारास मात्र सूर्य आणि चंद्र वेगवेगळ्या बाजूंना ओढतात. मग भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. तिला म्हणतात भांगाची भरती.

आता खरी युक्ती. मुंबईच्या भरतीची वेळ ओळखायचा एक जुना हिशेब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल, त्या सुमारास भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमी असेल तर सहा वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. हा हिशेब अंदाजाचा आहे बरं का! तास-अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. म्हणून निघण्याआधी पंचांगात किंवा वर्तमानपत्रात छापलेली नेमकी वेळ बघायचीच. आणि हा हिशेब मुंबईचा. दुसऱ्या गावी गेलात तर तिथली वेळ वेगळी. चेन्नईला तर भरती आणि ओहोटी यांतला फरकच मुंबईपेक्षा पुष्कळ कमी असतो.

मी फोनवर भाचीला हे समजावून सांगितले आणि म्हटले, "आता पंचमीची भरती किती वाजता, सांग."

पलीकडे कागदावर पेन्सिल खरखरू लागली. "पाच गुणिले तीन... पंधरा... भागिले चार..."

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "पाच पाऊण पावणेचार!"

आजी! चौथीपर्यंत शिकलेल्या आजींना पावकी, निमकी, पाऊणकी, सगळी उजळणी अजून तोंडपाठ होती. भाचीची पेन्सिल तिथेच थांबली. मग आम्ही आजींनाच फोनवर घेतले.

"आजी, सात पाऊण?"

"सव्वापाच."

"बारा पाऊण?"

"नऊ."

"आणि पौर्णिमा? पंधरा पाऊण?"

"सव्वाअकरा. पर त्याचं काय?"

"आजी, म्हणजे पौर्णिमेला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमाराला. त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे बरोबर दिवेलागणीला, पूर्ण ओहोटी. त्यात पौर्णिमा म्हणजे उधाण. चंद्र दिसेल, पण पाणी फार लांब गेलेलं असेल. तुमची एकशे दहा पावलं पुरणार नाहीत."

भाची हिरमुसली. "पण मामा, चंद्र..."

"चंद्र लातुरातबी दिसतो की," आजी म्हणाल्या. झाले, प्रश्न मिटला!

मग आम्ही तिथी ठरवली. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. तो दिवस ओवाळणीचा आणि पंक्तीचा. तृतीया विश्रांतीची आणि दादरच्या खरेदीची. चतुर्थी आणि पंचमी, हे दोन दिवस समुद्राचे. चतुर्थीला भरती दुपारी तीनच्या सुमारास. ऊन उतरले की निघायचे, चार-साडेचारपर्यंत पोहोचायचे. तेव्हा पाणी जवळच असते आणि सहाच्या सुमारास सूर्यास्तही दिसतो. शिवाय चतुर्थी ही पौर्णिमा-अमावास्येपासून थोडी दूर, म्हणजे उधाणाचा जोर ओसरलेला.

किनारा कोणता? जुहूचा किनारा लांबरुंद आणि सपाट. सपाट किनाऱ्यावर पाणी थोडे उतरले, तरी काठ पुष्कळ मागे जातो. दादरला मोठ्या भरतीला वाळू फारशी उरत नाही. आजींसाठी आम्ही गिरगाव चौपाटी निवडली. तिथे रस्ता आणि पाणी यांतले अंतर कमी आणि उपसागराच्या कुशीत असल्यामुळे लाटाही सौम्य. पश्चिम रेल्वेचे चर्नी रोड स्टेशन अगदी समोर आहे. पण स्टेशन म्हटले की जिने आलेच. आजींच्या गुडघ्यांना जिने चढायला लावून आधीच दमवायचे आणि मग वाळूत चालवायचे, हे काही बरे नाही. म्हणून आजी आणि ताई टॅक्सीने. आणि आमच्या बेतात एक गोष्ट आणखी जोडली: घडीचे स्टूल. ते भाच्याने धरायचे.

बाकीच्या यादीवर मी फुली मारली. भाचीला वाईट वाटले, म्हणून नकाशा काढून बसलो. मार्वेहून मनोरीला जायचे तर होडीतून खाडी ओलांडावी लागते. गोराई आणखी पलीकडे. एका दिवसात पाच किनारे करायचे म्हणजे दिवसभर बस, रिक्षा आणि होडीतच बसायचे. समुद्र दिसणार तो फक्त खिडकीतून! एका दिवसात एकच किनारा, पण पोटभर. तुम्हीही हा नियम पाळून बघा.

आणि आक्सा? ते नाव मी मुद्दाम खोडले. किनारा सुंदर आहे, पण तिथे आजवर अनेक जण बुडाले आहेत. वाळूचा उतार फसवा आहे आणि पाण्याला ओढ आहे. काठावर धोक्याचे फलक आहेत. दोन लहान मुले बरोबर असताना, एका संध्याकाळच्या मौजेसाठी मी तिथे जाणार नाही, हे मी भाचीला स्पष्ट सांगितले. बेत करणे म्हणजे कुठे जायचे हे ठरवणे, तसेच कुठे जायचे नाही हेही ठरवणे.

चतुर्थी उजाडली. दुपारी सव्वातीनला निघायचे ठरले होते. पण दिवाळीची गर्दी! टॅक्सी मिळायला वेळ लागला आणि मिळाली ती रहदारीत अडकली. वाटेत हाजी अली लागले. समुद्रातल्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा वर येते, हे मी मुलांना दाखवणार होतो. पण मुलांचे लक्षच नव्हते. भाची सारखी घड्याळ बघत होती. चार वाजले. साडेचार वाजले.

"मामा, पाणी उतरायला लागलं असेल ना? आजीला पोचता येईल?"

मला आणखी एक हिशेब ठाऊक होता. तो मी तिला सांगितला. भरतीपासून ओहोटीपर्यंतचे सहा तास धरायचे आणि उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे पाणी सुरुवातीला सावकाश, मध्ये भराभर आणि शेवटी पुन्हा सावकाश उतरते. भाचीने बोटांवर मोजले. "तीनला भरती. पाच वाजेपर्यंत एक अधिक दोन, तीन भाग. बारातले तीन म्हणजे पाव. फक्त पाव उतरलं असेल! पण सहापर्यंत अर्धं!"

"म्हणून तर आपण चारची वेळ धरली होती. मध्ये तासाभराची सवड ठेवली होती, ती आता कामाला येतेय."

सव्वापाचला आम्ही चौपाटीवर उतरलो. समोर लोकमान्य टिळकांचा पुतळा. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले आणि याच वाळूत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. आजींनी चपला काढून पुतळ्याला हात जोडले आणि पदर खोचून वाळूत पाय ठेवला.

भाचा पुढे चालत मोठ्याने मोजू लागला. "एक, दोन, तीन..." वाळूत आजींचा पाय रुतत होता. एका बाजूने ताईने धरले, दुसऱ्या बाजूने भाचीने. चाळीस झाली. पन्नास झाली. अठ्ठावन्नाव्या पावलावर आजी थांबल्या. श्वास लागला होता. पाणी अजून तीस-पस्तीस पावले पुढे होते, आणि प्रत्येक लाट आदल्या लाटेपेक्षा थोडी अलीकडेच थांबते आहे असे उगीचच वाटत होते.

"ऱ्हाऊ दे," आजी म्हणाल्या, "इथनं दिसतोय की."

भाच्याने काही न बोलता स्टूल उघडले आणि मांडले. आजी बसल्या. आम्ही कोणीच घाई केली नाही. पाच मिनिटे गेली असतील. मग आजींनी स्वतःच हात पुढे केला. "चला."

पुन्हा मोजणी सुरू. ब्याण्णवाव्या पावलाला लाट आली आणि आजींच्या घोट्यांवरून गेली.

पाणी परत जाताना पायाखालची वाळू सरकते, ते तुम्हाला माहीत आहे ना? आजींना माहीत नव्हते. त्यांनी एकदम भाचीचा दंड घट्ट धरला. "अगं, मला ओढतंय की हे!" मग हसायला लागल्या. वाकता येत नव्हते, म्हणून भाचीने ओंजळीत पाणी आणून दिले. आजींनी बोट बुडवून जिभेला लावले.

"खरंच की गं. खारट."

मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. सूर्य खाली येत होता. शेवटी म्हणाल्या, "लातूरला आगगाडीनं पाणी आणलं होतं, तवा तू लहान होतीस. आन् इथं बग. एवढं पाणी, पर एक घोट प्यायचा न्हाई."

तुमच्यापैकी काहींना आठवत नसेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याचा एवढा तुटवडा झाला की मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ज्या आजींनी तो उन्हाळा काढला, त्यांना समुद्र बघून काय वाटले असेल, ते मी तुम्हाला नीट सांगू शकणार नाही. पण भाचीने त्या संध्याकाळी हातातल्या बाटलीतले उरलेले पाणी ओतून टाकले नाही, एवढे मी पाहिले.

पंचमीचा दिवस मुलांचा. भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास. कोळी मंडळी ओहोटीला सुकतीही म्हणतात. "माझं झालं. तुम्ही जावा," म्हणून आजी घरीच राहिल्या. आम्ही तिघे दादरहून लोकलने विलेपार्ल्याला उतरलो आणि तिथून रिक्षाने जुहूला. मुंबई शहरात रिक्षा चालत नाहीत, त्या उपनगरातच, याचीही मुलांना गंमत वाटली.

भरतीला जिथे पाणी असते, तिथे आता ओली, चकचकीत वाळू पसरली होती. आणि त्या वाळूवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या हजारो गोळ्या! जणू कोणी रांगोळीच काढली आहे. "या कोणी केल्या?" भाच्याने विचारले. मी म्हटले, "हलू नकोस. दोन मिनिटं पुतळा हो." तो पुतळा झाला. हळूच एका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातले खाण्याजोगे कण काढून घ्यायचे आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची. ओहोटी असेपर्यंत त्याचे हेच काम. पाणी परत आले की भोकात गुडुप, आणि सगळ्या गोळ्या पुसून जातात. भाचा अर्धा तास तिथून हलला नाही. आठ किनारे बघण्याच्या गडबडीत हा खेकडा दिसला असता का?

ओल्या वाळूत उतरण्याआधी मात्र आम्ही एक काम केले होते. जिथवर जाणार होतो, त्याच्या थोडे मागे, वाळूत एक काठी रोवली होती. नियम असा: पाणी काठीला लागले की खेळ कुठेही असो, सगळ्यांनी वर यायचे. कारण ओहोटी संपल्यावर पाणी नेहमी समोरूनच येते असे नाही. किनाऱ्यावर खोलगट पट्टे असतात. ते आधी भरतात आणि आपल्या मागे पाणी साचते. खडकाळ किनाऱ्यावर तर हे आणखी धोक्याचे. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकांवर फोटो काढताना मुली पाण्यात पडल्या. एक मुलगी बुडाली आणि तिला वाचवायला उडी घेणारा माणूसही बुडाला. म्हणून खडकावर जायचे असेल तर ओहोटी असताना, जाणत्या माणसाबरोबर, आणि समुद्राकडे पाठ न करता.

पालकांसाठीही दोन शब्द. मुले गुडघाभर पाण्यापुढे जाणार नाहीत, हे आधी घरीच ठरवा. पाण्यात शिरल्यावर कोण ऐकतो? मोठ्या चौपाट्यांवर जीवरक्षक असतात, त्यांची शिट्टी म्हणजे आज्ञा. कधी कोणाला पाण्याने आत ओढलेच, तर किनाऱ्याकडे सरळ पोहत त्या ओढीशी झुंजू नये, त्यात दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर यावे. दुसरा कोणी बुडताना दिसला तर मुलांनी पाण्यात उडी घेऊ नये. ओरडावे, जीवरक्षकाला बोलवावे, दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी.

पावसाळ्यात समुद्र बघावा तो लांबूनच. त्या दिवसांत जुहू-गिरगावच्या वाळूवर निळसर फुग्यांसारखे जीव वाहून येतात. त्यांना ब्लू बॉटल म्हणतात. मेलेले दिसले, तरी त्यांच्या दोऱ्यांचा दंश फार झोंबतो. २०१३ च्या गणेशोत्सवात तर गिरगावला विसर्जनाच्या वेळी पाकट माशांनी अनेकांना काटे मारले होते. दोष त्यांचा नाही. घर त्यांचे आहे, पाहुणे आपण.

पाहुण्यासारखे वागायचे म्हणजे काय, हे भाचीला जुहूवरच दिसले. भरतीच्या रेषेवर प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, चपला यांची एक रांगच लागली होती. मी तिला शेजारच्या वर्सोव्याची गोष्ट सांगितली. तिथे ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाच्या वकिलांनी एका शेजाऱ्याला बरोबर घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. मग लोक येत गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. आणि मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे गेली. भाचीने शंख गोळा केले होते. आम्ही एकेक उलटून पाहिला. एकात जीव हलत होता, तो तिने जिथे मिळाला होता तिथेच नेऊन ठेवला. बाकीच्यांतले दोन घेतले, एक स्वतःला आणि एक आजीला. आपल्या खाऊचे कागद मात्र एकूण एक पिशवीतून परत आणले.

काठीला पाणी लागले तेव्हा अकरा वाजून गेले होते. भाच्याने काठी उपटली आणि आम्ही वर आलो.

ते सगळे लातूरला परत गेले त्याला आता बरेच महिने झाले. भाची सांगते, आजी रोज सकाळी दिनदर्शिकेत तिथी बघतात, पूर्वीसारखीच. फक्त आता त्यानंतर ओठांतल्या ओठांत पाऊणकी म्हणतात. एखाद्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता एकदम म्हणतात, "आज सप्तमी. सव्वापाच वाजले. चौपाटी भरली असंल आता." शंख त्यांच्या देवघरात आहे.

आता तुमची पाळी! सहलीचा बेत घरच्या मोठ्यांवर सोडू नका, एक वही तुम्हीच घ्या. पहिल्या पानावर लिहा, बरोबर येणाऱ्यांत सगळ्यांत कमी कोण चालू शकते आणि किती पावले. मग कोणाची कोणती इच्छा आहे ते लिहा. बारीक आवाजात बोलणाऱ्याची आधी. जायची तिथी काढा, पाऊणपट करा, भरती आणि ओहोटीची वेळ मांडा आणि छापील वेळेशी ताडून बघा. एका दिवसाला एकच किनारा निवडा. वाटेतल्या खोळंब्यासाठी तासभर मोकळा ठेवा. पाण्याची बाटली, टोपी, कोरडे कपडे, कचऱ्याची पिशवी आणि घरात असेल तर घडीचे स्टूल, एवढे सामान पुरे. पाऊणकी येत नसेल तर आजी-आजोबांना विचारा. त्यांना येत असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि कोणी विचारावे म्हणून ते वाटही बघत असतील.